चिकटपट्टीखालचा काटा

क्लॅरीने ट्रक पंपावर न नेता सरळ माझ्या शेडसमोर उभा केला, तेव्हाच मी चहाचा कप खाली ठेवला. क्लॅरी माझा दीर. घराला आग लागली तरी हा आधी दोन सॉसेज रोल खाईल आणि मग सांगेल. आज त्याने सॉसेज रोलचं नावही काढलं नाही.

"डॅशबोर्डवरचे काटे नाचतायत, डॉट. इंडिकेटर दिला की सगळे एका तालात. आणि काल चढाला गिअर आपोआप सुटला. दोनदा."

"आणि उताराला?"

तो टोपीवरची लाल धूळ झटकायला लागला.

उतार इथून चाळीस किलोमीटरवर. तिथे पठार संपतं आणि रस्ता तीन वळणांत खाली पडतो. क्लॅरीच्या ट्रकमागे तीन ट्रेलर, त्यांत दीडशे गुरं. तिथे गिअर सुटला तर एवढं ओझं नुसत्या ब्रेकवर थांबत नाही.

"तासाभरात सोड मला," तो म्हणाला. "गुरं सकाळपासून तहानलेली आहेत."

हे काम मला कुणी शिकवलं नाही. लेसच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, शिव्या ऐकत आणि तो झोपला की त्याची पुस्तकं वाचत मी शिकले. सगळे काटे एकदम खोटं बोलायला लागले की दोष काट्यांचा नसतो, कुणीतरी एकच जण त्यांना पढवत असतो. मी मीटरची एक तार इंजिनाला लावली, दुसरी खालच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, आणि क्लॅरीला सेल्फ मारायला सांगितलं. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा होता. तो दोनाच्या वर गेला.

म्हणजे अर्थिंग बिघडलेलं. मी खाली शिरले. इंजिन आणि चासी जोडणारी तांब्याची पट्टी जागेवर होती, बोल्ट घट्ट होता. चासी मात्र नवरीसारखी चकचकीत.

"रंग कधी दिलास रे?"

"तीन आठवडे झाले." त्याचे बूट जरा मागे सरकले. "शनिवारसाठी."

शनिवारी शहरात सगळे ट्रक रांगेने निघतात आणि वर्षभरात गेलेल्या ड्रायव्हरांची नावं स्मारकाच्या भिंतीवर लागतात. यंदा लेसचं आहे. लेस रस्त्यावर नाही, आंघोळ करताना गेला, पण भिंत तेवढं विचारत नाही. भावासाठी क्लॅरीने अख्खी चासी मोकळी करून लेसच्या आवडीचा हिरवा रंग दिला, आणि पट्टी त्या रंगावरच आवळली, ज्यातून वीज जात नाही. त्या दिवसासाठी इथे इंचभर लोखंड उघडं ठेवणं म्हणजे आळशीपणा. त्यामुळे ते कुणी ठेवत नाही.

मी रंग खरवडला, धातू दिसेपर्यंत घासलं, पट्टी आवळली. ट्रक सुरू केला. काटे शहाण्या पोरांसारखे आपापल्या जागी बसले.

"बघ," क्लॅरी म्हणाला, "उगाच घाबरवतेस माणसाला."

एका काट्यावर चिकटपट्टी होती. गिअरबॉक्सच्या ऑइलच्या तापमानाचा.

"तो सारखा लाल पट्ट्यात जायचा. डोकं फिरायचं माझं."

मी चिकटपट्टी सोलली. काटा लाल पट्ट्यात होता. हलत नव्हता.

"तो तर खोटंच बोलतो, डॉट."

"आत्तापर्यंत बोलत असेल."

तीन आठवडे तांब्याच्या पट्टीची वाट रंगाने बंद होती, पण वीज थांबली नव्हती. ती गिअरबॉक्समधून, बेअरिंगांना डागण्या देत वाट काढत होती. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवलं आणि मूठ क्लॅरीच्या कानाला. आतून कुणी खडे चघळल्यासारखा आवाज येत होता. क्लॅरीने स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या कानाला लावून पाहिला. तो कान बरं काही सांगेल असं त्याला वाटलं असावं.

"हळू जाईन," तो म्हणाला.

मी ट्रक बंद केला, खाली ट्रे सरकवला आणि ऑइलचं बूच काढलं. बुचाला चुंबक असतो. त्याला नेहमी लागतो तसला लोखंडाचा बारीक चुरा नव्हता. नखाएवढ्या कपच्या होत्या. त्या मी त्याच्या तळहातावर पुसल्या आणि बूच एप्रनच्या खिशात टाकलं. काळं, जळकट वासाचं ऑइल ट्रेमध्ये पडत राहिलं.

"बूच दे, डॉट."

"नाही."

"दीडशे जनावरं आहेत मागे."

"माझ्या मागच्या कुंपणात उतरव. पाणी आहे तिथे. आणि शनिवारी माझ्या गाडीतून चल. भिंतीवर यंदा आपल्या घरातलं एकच नाव लागू दे."

तो पायरीवर बसला. तळहातावरच्या कपच्या उन्हात चमकत होत्या. ट्रेलरमध्ये गुरं खुर आपटत होती. तो बोलला, माझ्याकडे न बघता.

"उताराला एकदा सुटला. मागच्या खेपेला."

"कुठे?"

"दुसऱ्या वळणावर."