तिसऱ्या गेरची दांडी

आमच्या पिकअपचा तिसरा गेर टिकत नसे. टाकला की थोडा वेळ बरा चाले, आणि रस्त्यात एखादा खड्डा आला की खट्‌दिशी आपोआप बाहेर पडे. मग इंजिन मोकाट सुटून ओरडे आणि गाडीचा जोर जाई. ह्यांनी आधी दांडीला सुती दोरी बांधून पाहिली. दोरीचं दुसरं टोक सीटखालच्या लोखंडाला अडकवायचं. पण गेर बदलायची वेळ आली की गाठ सुटत नसे. एकदा कडा गावाच्या अलीकडे समोरून कडब्याची बैलगाडी आली, आणि हे गाठीशी झटापट करत असताना पिकअप सरळ बाभळीत शिरली. त्या दिवशी घरी आल्यावर तोंडावरचे ओरखडे धूत म्हणाले, "उद्यापास्नं तू चल संगं. दांडी धरून बस."

मी पिकअपमध्ये बसायला लागले ती अशी. एकोणीसशे सत्तर साल होतं. मी तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची असेन.

आमची वस्ती खर्ड्यापासून आत, काळ्या रानात. घरात आम्ही दोघंच. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. शेजार म्हणजे दोन रानं ओलांडून दगडाबाईचं खोपट. हे जीप कंपनीची जुनी पिकअप चालवत. खर्ड्याहून ज्वारी, लिंबं, शेळ्या असा माल नगरला नाहीतर काष्टीच्या बाजाराला न्यायचा आणि येताना किराणा, खताच्या गोण्या आणायच्या. गेले की तीन-तीन दिवस येत नसत. मी तोवर शेळ्यांशी बोलायची. हे आले तरी फार बोलणं नसे. जेवायचे, हात धुवायचे, बाजेवर पडायचे. वाईट नव्हते हो. घरात बायकोशी काय बोलायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

गाडीत मात्र निराळं होतं. मी डावीकडे बसून उजव्या हाताने दांडी दाबून धरायची. आमच्यात कामाचे दोनच शब्द होते. गेर बदलायचा असला की हे म्हणत, "सोड." मी हात काढायची. बदलून झाला की म्हणत, "धर." गेरचा तो जुना डबा इतका गुरगुरायचा की बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. आणि ओरडायचंच म्हटल्यावर ह्यांची भीड गेली. समोर रस्त्याकडे बघत काय काय सांगत. लहानपणी किल्ल्याच्या खंदकात म्हैस पडली होती ते, बापाने वडाच्या झाडाला बांधून मारलं होतं ते. मी हसले तरी ऐकू जात नसे, रडले तरी नाही.

आमचं एक मूल झालं होतं. मुलगा. एक दिवस जगला. त्याच्याविषयी घरात ह्यांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मला वाटायचं, ह्यांनी त्याला नीट पाहिलंही नसेल. एकदा कड्याच्या पुढच्या चढावर, गाडी रडतखडत चढत असताना, हे एकदम म्हणाले, "नाक तुझ्यावानी हुतं त्याचं."

मी दांडी धरून बसले. तेवढ्यात "सोड" म्हणाले, आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

खर्ड्याच्या स्टँडवर भाऊसाहेबाचं चहाचं दुकान होतं. गाडीवरच्या पोऱ्याला आमच्याकडे किन्नर म्हणत, आणि भाऊसाहेबाने पहिल्याच आठवड्यात माझं बारसं करून टाकलं.

"सहादेवा, किन्नर तर झाक गावलाय की! लुगडं नेसतोय जनू. पगार काय देतोस?"

"दोन वक्ताची भाकरी," हे म्हणाले. "ती पन त्यालाच थापाय लावतो."

बाकावरची माणसं खदखदून हसली. मी पदर पुढे ओढून हसले. मला राग आला नाही. बायकोला शेजारी बसवून गावोगाव हिंडणारा माणूस आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता. लोकांनी नावं ठेवली असती. पण गेर टिकत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे मी हौसेने निघालेली बाई नव्हते, कामाला निघालेली होते. त्या मोडक्या गेरने मला जणू परवानगी दिली होती.

दीडेक वर्षात माझ्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी, जाड घट्टा पडला. एकदा भाकरी वाढताना ह्यांनी तो पाहिला. हात उलटा करून अंगठ्याने चाचपला. त्यानंतर नगरला गेलो तेव्हा गाडी भुसार पेठेऐवजी राधाकृष्ण मिस्त्रीच्या वाड्याकडे वळवली.

मिस्त्रीकडे लष्कराच्या लिलावातल्या जीपांचं सामान पडलेलं असे. त्याने गाडी एक चक्कर चालवून आणली आणि मान हलवली. "डबा बाद झाला, सहादेव. आज तिसरा जातोय, उद्या दुसरा जाईल. मग वहिनींनी दोन्ही हातांनी धरलं तरी भागायचं नाही."

"बदलून टाक," हे म्हणाले.

दोघं गाडीखाली शिरले. मी सावलीत एका टायरवर बसून बघत होते. खालून लोखंडी पाने आपटल्याचे आवाज, मधूनच मिस्त्रीची शिवी. शेवटी फळीवर तोलत त्यांनी डबा खाली घेतला, गोणपाटावर ओढून बाहेर आणला आणि झाकण उघडलं. दीड वर्ष मी वरून जे धरून ठेवलं होतं ते तेव्हा प्रथम पाहिलं. आतल्या चक्रांच्या दातांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या गोल झाल्या होत्या. खालच्या काळ्या तेलात पितळेचा बारीक चुरा चमकत होता.

"हे बघा वहिनी, तुमचा दुश्मन," मिस्त्री म्हणाला.

संध्याकाळी लष्करी जीपमधला डबा बसला. परत निघालो. ह्यांनी तिसरा टाकला आणि सवयीने माझा हात दांडीवर गेला. ह्यांनी तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला. हळूच ठेवला.

"ऱ्हाऊ दे आता. बसलाय त्यो. सुटली तू."

त्यांचा चेहरा एवढा खुलला होता की मी हसले. नवा डबा नुसता मऊ घुमत होता. खर्डा येईपर्यंत आम्ही काही बोललो नाही. ओरडायची गरज उरली नव्हती, आणि हळू बोलायची सवय आम्हाला नव्हती.

पुढच्या खेपेला मी पहाटे उठून भाकऱ्या बांधल्या, केस विंचरले, चपला घातल्या. हे म्हणाले, "तू कशापायी? घरी निवांत बस की. लई हाल काढलंस." माझ्या जागेवर त्यांनी जामखेडला जाणारे दोन पाहुणे बसवले. मी चपला काढून पुन्हा आत ठेवल्या.

काय म्हणणार होते? मला यायचंय, असं? कशासाठी, असं त्यांनी विचारलं असतं, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं. दगडाबाईला एकदा आडून सांगून पाहिलं. ती म्हणाली, "नशीबवान हाईस बाई. नवऱ्यानं हातासाठी मिशिन बदललं. आमच्या म्हाताऱ्यानं कधी मोडकं जातं बदललं न्हाई." ते खरंच होतं. म्हणून आणखीच बोलता येईना.

मग पावसाळा. आमच्याकडच्या काळ्या मातीत पाऊस पडला की डांबरी सडकेपासून वस्तीपर्यंतच्या पांदीत चाक रुततं ते आसापर्यंत. पिकअप चार महिने रात्रीची स्टँडवरच उभी राही आणि हे बहुतेक भाऊसाहेबाच्या दुकानातच झोपत. आठवड्यातून एकदा गुडघाभर चिखल तुडवत घरी येत. मागच्या पावसाळ्यात मी गाडीबरोबरच असायची, तेव्हा ते एवढं जाणवलं नव्हतं. आता ओसरीत बसून पांदीकडे बघत राहायचं. तळव्याचा घट्टा हळूहळू पातळ झाला. आधी कडेची सालं निघाली, मग नुसता पिवळा डाग राहिला. मी तो दुसऱ्या हाताने चोळत बसायची.

एके दिवशी हे चिखलाने माखून आले ते हसतच. पाय न धुताच ओसरीत उकिडवे बसले. "गोजर, चार गोवऱ्या आन."

त्यांनी गोवऱ्या चारी बाजूंना ठेवल्या. त्या चाकं. मधे ज्वारीची ताटं आडवी-उभी मांडली.

"हे बघ. आपल्या गाडीत जोर फकस्त मागच्या दोन चाकांस्नी. पुढची नुसती फिरत्यात. चिखलात मागची जाग्यावरच भिंगत्यात. आता लष्करी जीपचं पुढच्या आसाचं हौसिंग बसवायचं, आन मधी ह्यो दुसरा डबा." त्यांनी ताटाचा तुकडा मोडून मधे ठेवला. "ह्या डब्यातनं एक दांडा मागं, एक पुढं. चारी चाकं ओढनार! मिस्त्री म्हनतो, पुढच्या-मागच्या दातांचा हिशोब तेवढा सारखा पायजे. न्हाईतर एक बैल पळतोय आन एक चालतोय, तसं हुतं. एवढं जमलं की मी ऐन पावसात दारात गाडी आननार. रोज घरी येनार."

एवढं बोलताना मी त्यांना घरात कधी पाहिलं नव्हतं.

"त्या नव्या डब्याला दांडी असती का?" मी विचारलं.

"एक न्हाई, दोन! एक पुढच्या चाकांची, एक जोराची. बारक्या असत्यात."

मी ताटाच्या त्या तुकड्यावर बोट ठेवलं. "मग त्या कोन धरनार?"

हे हसले. "येडी का तू? त्या धरायच्या नसत्यात. एकदा टाकल्या की बसत्यात. तुला काय जन्मभर दांडीच धरायला लावू का काय?"

मी गोवऱ्या गोळा करून परत रचून ठेवल्या.

दिवाळीनंतर हौसिंग आलं. दोन्ही टोकांना चाकाचे गोल, मधे लोखंडी पोट, असं ते धूड ह्यांनी बाभळीखाली टाकलं. दुसरा डबा मिळाला की दोन्ही एकदमच बसवायचं ठरलं. मिस्त्री आज देतो उद्या देतो करत राहिला. हे घरी आले की त्या हौसिंगला काळं तेल चोळत. मी दुपारी त्याच्यावर बसून तांदूळ निवडायची.

आणि पुढच्या साली पाऊसच आला नाही.

बहात्तरचं ते साल लोकांना ठाऊक आहे, मी काय सांगू. पांदीत चिखल सोडा, ओल नव्हती. गाडी आषाढातसुद्धा धुरळा उडवत दारात येऊ शकत होती, पण आता तिला दारात यायला वेळ नव्हता. दुष्काळी कामांवर पाण्याची पिपं पोचवायचं काम ह्यांना मिळालं. आठ-आठ दिवस तिकडेच. गाडीत मी एकदाही बसले नाही. ज्या चिखलासाठी एवढा बेत केला तो चिखल आला असता तरी मी ओसरीतच असणार होते, आणि नाही आला तरी ओसरीतच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले. हे म्हणाले, "हौसिंग मिस्त्रीला परत देतो. त्याच्या बदली टायर देतो म्हनलाय. चिखलच न्हाई तर पुढची चाकं वढून करायचं काय." दोघा-तिघांना बोलावून त्यांनी ते धूड गाडीत चढवलं. बाभळीखाली त्याचा लांबट ठसा राहिला. तो मी बघत उभी राहिले. मग आत गेले, चपला घातल्या, दाराला कडी लावली, शेळ्यांचं दगडाबाईला ओरडून सांगितलं आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

हे हँडल मारून इंजिन चालू करायला पुढे गेले होते. हँडल हातात तसंच धरून खिडकीशी आले.

"कुठं निघालीस?"

"नगरला."

"दवाखान्यात जायचंय?"

"न्हाई."

"म्हायेरी कोन आजारी हाय का?"

"न्हाई."

"मग काम काय?"

"काम काय न्हाई," मी म्हणाले. "बसायचंय मला."

ह्यांनी पुढे जाऊन हँडल मारलं आणि शेजारी येऊन बसले. मला वाटलं, खर्ड्याच्या स्टँडवर उतरवून देतील.

भाऊसाहेब चहा घेऊन गाडीपाशी आला आणि मला पाहून मोठ्यांदा ओरडला, "आरं! किन्नर परत कामावर आला का? काय सहादेवा, नवा डबा पन गेला जनू?"

बाकावरची सगळी माणसं बघायला लागली. मी पदर ओढून मांडीवरच्या हाताकडे बघत राहिले. ह्यांनी बशीतला चहा संपवला.

"व्हय," म्हणाले. "तिसरा टिकंना."

"मिस्त्रीनं फशिवलं म्हन की!"

"फशिवलं," हे म्हणाले, आणि बशी परत दिली.

हे खोटं माझ्यासाठी होतं की लोकांनी हसू नये म्हणून, ते मी पुढे कधीच विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

गाव मागे पडलं. ह्यांनी तिसरा टाकला, आणि समोर बघतच म्हणाले, "धर."

मी हात ठेवला. घट्टा गेलेला होता, दांडीचं लोखंड कातडीला गरम लागलं. गेर पक्का बसलेला होता. मी नसता धरला तरी तो कुठं जाणार नव्हता. मागे हौसिंग फळ्यांवर आदळत होतं, बाकी गाडीत शांत होतं. जामखेड गेलं. कडा गेलं. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका माना वर करून बघत होत्या. मग तो चढ दिसायला लागला.

"नाक माझ्यावानी हुतं," मी म्हणाले. ओरडावं लागलं नाही. "पन कान तुमचे हुते."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चढ लागला, इंजिन दमायला लागलं.

"सोड," ते म्हणाले, आणि दुसरा टाकला. चढ संपल्यावर पुन्हा म्हणाले, "धर."