‘पड’ म्हणजे पाऊस

“मराठीत ‘पड’ म्हणजे पाऊसच असं धरून चालू नकोस गं बाई,” ऑफिसातल्या मुद्रितशोधक मावशींनी तिला बजावलं होतं. “भाव पडतो, प्रश्न पडतो, माणूसही पडतो!”

“आमच्या अण्णांच्या मेलमध्ये फक्त पाऊस पडतो हो,” म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं.

ती घरून पाठ्यपुस्तकं तपासायची, मांडीवर आठ महिन्यांचं लेकरू. तिचा एडिटर, म्हणजे कम्प्युटरवरचं लिहिण्या-तपासण्याचं सॉफ्टवेअर, शिकवाल ते करणारा. एकदा मॅक्रो, म्हणजे आपोआप करायच्या कामांची यादी, लिहून दिला, की एका कळीसरशी शंभर पानांतल्या वेलांट्या सुतासारख्या सरळ. मेलही ती त्यातच उघडायची.

तिचे वडील, अण्णा, दोन बसथांब्यांपलीकडे एकटे राहायचे. कान पार गेलेले, म्हणून रोज मेल. आणि मेलमध्ये रोज तेच: पाऊस, चहा, पोट. शेवटी तिने त्यांच्यासाठीही मॅक्रो रचला. ‘पड’ दिसलं की पावसाचं उत्तर, ‘चहा’ दिसलं की पित्ताचं, काहीच जुळलं नाही तर बाळाचा पापा. आधी निदान वाचून कळ दाबायची. पुढे तेवढंही मॅक्रोवरच सोपवलं.

गुरुवारी, अण्णांना कधीतरी कळवलेली बाळाच्या लसीची तारीख शोधताना तिने अण्णांचं फोल्डर उघडलं. विसरलेल्या डब्याचं झाकण उघडावं आणि आत बुरशी निघावी, तसं झालं.

सोमवारी अण्णा: “बाथरूममध्ये पडलो. डावा पाय टेकत नाही.”

ती: “वा अण्णा! मस्त गारवा असेल. छत्री विसरू नका.”

मंगळवारी अण्णा: “छत्रीचं कळलं नाही. चहा करायलाही उठवत नाही.”

ती: “चहा कमीच करा हं, पित्त होतं.”

बुधवारी अण्णा: “बरं.”

ती: “बाळ पापा देतंय!”

तो लाडिक ‘हं’ तिनेच घातला होता, खरं वाटावं म्हणून. शी! लेकराच्या पाप्याचंसुद्धा यंत्र केलं. स्वतःच्याच तोंडाला घाण यावी तशी तिला स्वतःची शिसारी आली.

बाळाला काखेत मारून ती धावत सुटली. खोलीत लघवीचा दर्प, पेल्याला मुंग्या, खुर्चीत अण्णा. मांडी सुजून भोपळ्यासारखी. हातात छत्री.

“तू म्हणालीस म्हणून काढली,” ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले. “तिच्यावर भार देत देत नळापर्यंत जाता आलं. तुला इतक्या लांबून कसं सुचलं गं?”

तिने कागदावर लिहिलं, ‘ते मी लिहिलं नव्हतं, अण्णा.’

त्यांनी चष्मा लावून वाचलं. “मग कोणी?”

तिने कागद चुरगाळून रुग्णवाहिका बोलावली.

खुबा मोडला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर अण्णा हाती लागले नसते, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तिने मॅक्रो पुसून टाकला, पण तिच्यापुरताच. महिन्यापूर्वी एडिटर वापरणाऱ्यांच्या गटात तिने तो फुशारकीने वाटला होता, वर मथळा देऊन: ‘म्हाताऱ्यांची कटकट मिटली!’ एकशे बारा जणांनी उतरवून घेतला, वाहवा केली. आता तिने गटात सगळं जसंच्या तसं लिहिलं. मिनिटाभरात चाळीस उत्तरं आली, अक्षरन् अक्षर एकच: “हो हो, नक्की बघतो!”

म्हणून तिचं तुम्हाला हे सांगणं आहे. तुम्ही तो मॅक्रो घेतला असेल, तर तुमच्या घरच्या त्या एकट्या माणसाकडे आत्ता जाऊन या. मेल नको, फोन नको. दार वाजवा, आणि उघडलं नाही तर तोडा.