खालच्या कोपऱ्यातला भिंगरी

मित्रांनो, चर्चच्या मागच्या दाराशेजारी भिंतीवर जो जुना, थोडा वाकलेला लाकडी चित्रफलक दिसतो ना, तो मी. वाकलो आहे तो वयामुळे नाही, भिंतीच्या ओलीमुळे. माझ्यावर शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. मधोमध न्याय करणारा प्रभू, एका बाजूला स्वर्ग आणि दुसऱ्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, नरक. उपासना संपली की माणसं माझ्यासमोरूनच बाहेर पडतात. घरी जाताना त्यांनी काय विसरू नये, ते दाखवायला मला तिथे टांगलेलं आहे.

खरं तर मी दार व्हायचा होतो. सुतारानं फळ्या जोडून, मागून आडव्या पट्ट्या ठोकून मला कुणाच्या तरी कोठीसाठी तयार केलं होतं. पण त्या गिऱ्हाइकाचा बेत बदलला आणि मी चर्चच्या वाट्याला आलो. दार झालो असतो तर निदान उघडता-मिटता तरी आलं असतं. चित्राच्या नशिबी नुसतं दिसणं असतं.

मला रंगवायला एक रंगारी आला. हाताला हुशार, पण त्याची एक खोड होती. समोर माणूस बसवल्याशिवाय त्याला चेहरा काढता येत नसे. "मनानं काढलं की सगळे माझ्या सासऱ्यासारखे दिसतात," असं तो म्हणायचा. त्यामुळे मंडळीतल्या लोकांनाच बसवायचं ठरलं. मग काय, स्वर्गात बसायला ही झुंबड उडाली. दुकानदार नवे कपडे घालून आला. शाळेतल्या मास्तरांनी तर स्वर्गात आपल्या शेजारी कोण असणार याची आधी चौकशी केली आणि मगच बसले. माझ्या स्वर्गातली माणसं आजही बघा, सगळी फोटो काढायला आल्यासारखी ताठ बसली आहेत.

नरकासाठी मात्र कुणी तयार होईना. रंगारी रिकामा बसून राहिला. तेवढ्यात इस्त्रीवालीचा मुलगा धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आला. इस्त्रीवाली म्हणजे चर्चची पांढरी कापडं आणि पाळकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, झगा धुऊन कडक इस्त्री करून देणारी बाई. नवरा गेलेला, आणि हा एकुलता एक मुलगा. एका जागी क्षणभर ठरायचा नाही म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणत. जेमतेम मिसरूड फुटलेली, पण तोंडानं कुणाला हार जायचा नाही.

"मला बसवा की," तो म्हणाला. "तिकडे जागाही भरपूर दिसतेय."

रंगाऱ्यानं त्याला बसवलं आणि सांगितलं, खूप यातना होताहेत असं तोंड कर. भिंगरीनं प्रयत्न केला आणि फसकन हसला. पुन्हा केला, पुन्हा हसला. शेवटी रंगाऱ्यानं वैतागून समोर जे दिसलं तेच कोळशानं माझ्यावर उतरवून ठेवलं. डोकं मागे टाकून, दात दाखवून हसणारा भिंगरी. स्वर्गाच्या बाजूला त्यानं आधी रंगाला धरून ठेवणारं पांढरं अस्तर दिलं होतं. नरकाला कशाला अस्तर, म्हणून इकडे कोळसा थेट लाकडावर चालवला. ही त्याची कसूर पुढे मला आणि आणखी एका माणसाला फार महागात पडली.

पुढे एक दिवस भिंगरी गाल सुजवून आला. दाढ ठणकत होती. रंगारी इतका खूश झाला की विचारू नका. "हलू नकोस," म्हणाला, आणि त्या हसऱ्या रेघांवरच रंगानं तो कळवळलेला चेहरा काढून टाकला. भोवती लाल-पिवळ्या ज्वाळा काढल्या. म्हणजे माझ्या नरकातली ती यातना खरी होती, पण ती दाढेची होती. दाढ काढून घेतल्यावर हाच भिंगरी माझ्यासमोर उभा राहून कडक बिस्किटं कुडुमकुडुम खात होता.

त्याची आई चित्र बघायला आली. कमरेवर हात ठेवून तिनं नीट पाहिलं. "हुबेहूब आलाय," ती म्हणाली. "शाळेच्या दिवशी सकाळी हाक मारली की हेच तोंड करायचा." सगळे हसले. तीही हसली.

ते माझे सुखाचे दिवस होते. मुलं माझ्या ज्वाळांना बोट लावून बघायची आणि भाजल्यासारखं ओरडायची. स्वर्गाकडे एक पोर बघेल तर शपथ. भिंगरी स्वतः माझ्याखाली उभा राहून तसंच तोंड करून दाखवायचा. मला वाटायचं, आपण म्हणजे कुणीतरी मोठे.

मग भिंगरी मोठा झाला आणि त्याचं म्हाताऱ्या पाळकांशी बिनसलं. बिनसलं तेही माझ्यावरूनच. एकदा उपासना संपल्यावर त्यानं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ज्यांच्या कानावर प्रभूचं नावसुद्धा कधी गेलं नाही, तेही कायमचे इथेच का?"

"ते मी ठरवत नाही," पाळक म्हणाले. "शास्त्रात आहे ते सांगतो."

"मग मला यातलं काही नको," भिंगरी म्हणाला, आणि सगळ्यांदेखत मागच्या दारानं निघून गेला. पुन्हा आला नाही. दगडाच्या खाणीत कामाला लागला. आईला घरी येऊन भेटत असे, हसवत असे, पण चर्चचा विषय निघाला की उठून जात असे. आणि एक दिवस खाणीत कडा कोसळला. भिंगरी खाली सापडला. हाक मारायलाही कुणाला वेळ मिळाला नाही, असं सोबतचे कामगार सांगत होते.

म्हाताऱ्या पाळकांनी त्याला माती दिली. सगळा विधी केला. पण आपल्या या चर्चमध्ये माती देताना शेवटी एक वाक्य म्हणतात, की हा प्रभूजवळ आहे आणि आपण याला पुन्हा भेटू. ते वाक्य पाळकांनी म्हटलं नाही. ज्या गोष्टीची खात्री नाही ती कबरीपाशी बोलायची नाही, असा त्यांचा नेम होता. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसेल. इस्त्रीवाली मात्र त्या वाक्याची वाट बघत उभीच राहिली.

पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी शेवटच्या बाकावर बसली. मान वळवली आणि तिला मी दिसलो. मित्रांनो, ती दाढदुखी आहे हे तिला ठाऊक होतं. त्या दाढेला लवंगेचं तेल तिनंच लावलं होतं. पण दुःखात माहीत असलेलं कामी येत नाही. त्या दिवशी तिला आपला मुलगा आगीत दिसला. तिनं कपड्यांचं गाठोडं तोंडावर घट्ट दाबून धरलं.

सगळे गेल्यावर तिनं पाळकांना गाठलं. "पाळकसाहेब, खरं सांगा. माझा भिंगरी कुठे आहे?"

"मला माहीत नाही, बाई. शेवटच्या क्षणी त्यानं प्रभूला हाक मारली असेल तर..."

"आणि नसेल मारली तर?"

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "शास्त्रात स्वर्गातल्या जीवनाला आणि नरकातल्या शिक्षेला शब्द एकच आहे. कायमचं. एक धरायचं आणि एक सोडायचं, हे मला नाही करता येत. येत असतं तर आज तुमच्यासाठी केलं असतं."

ती गाठोडं उचलून गेली. पाळक तिच्याच बाकावर डोकं धरून बसले. मला वाटलं, खिळ्यावरून निखळून खाली पडावं, आपले तुकडे व्हावेत. पण सुतारानं खिळे चांगलेच ठोकले होते. त्यानंतर प्रत्येक रविवारी ती आली, आणि प्रत्येक रविवारी मी तिला तेच दाखवलं. दुसरं काही दाखवायला माझ्याकडे नव्हतं.

म्हातारे पाळक वारले आणि चष्मेवाले पाळक आले. सज्जन माणूस. पुस्तकात डोकं खुपसून चालायचे आणि बाकांना धडकायचे. इस्त्रीवालीची कहाणी त्यांना कुणीतरी सांगितली तेव्हा ते तिच्याजवळ येऊन बसले.

"देव कुणाला कायमचा छळत नाही, बाई. शास्त्रात नाश होईल असं म्हटलंय. कागद आगीत टाकला तर तो जळत राहतो का? जळून संपतो. देवाला ज्यांनी नाकारलं ते शेवटी उरतच नाहीत. मग दुखणंही उरत नाही."

तिला बरं वाटावं म्हणून त्यांनी लगेच कामही करून घेतलं. घरं रंगवणाऱ्या माणसाला बोलावून माझा तो कोपरा काळा करून टाकला. त्यानं खिडकीच्या गजांना लावायचा दाट रंग आणला होता. त्या वासानं मी गुदमरलो, आणि भिंगरी आत बंद झाला.

रविवारी ती आली. माझ्याकडे बघून जागीच थांबली. "कुठाय तो?"

"आता तो नाही, बाई," चष्मेवाले हळू आवाजात म्हणाले. "त्याला आता कसलाही त्रास नाही."

"जळत होता," ती म्हणाली, "पण दिसत तरी होता. आता मी कुणाला बघायला येऊ?"

पाळकांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. माझी शपथ कुणी विचारात घेत नाही ही गोष्ट वेगळी.

वर्षं गेली. इस्त्रीवालीचे केस तिच्या कापडांसारखे पांढरे झाले. चष्मेवाल्यांची बदली झाली आणि हसरे पाळक आले. वयानं तरुण, अंगानं आडवे. ते हसले की माझ्या पट्ट्या थरथरतात. त्यांचं म्हणणं तिसरंच.

"मेंढपाळ हरवलेलं मेंढरू कुठवर शोधतो, मावशी? सापडेपर्यंत. दमेपर्यंत नव्हे. आग असेल, पण ती मळ जाळायला. शेवटी देव सगळ्यांना घरी आणतो. तुमच्या भिंगरीलाही."

हे ऐकून मंडळीत खळबळ माजली. दुकानदार आता काठी टेकत यायचा. तो म्हणाला, "शेवटी सगळेच येणार असतील, तर मी जन्मभर मापात मारलं नाही ते कशाला?" मास्तरांना पुन्हा शेजाऱ्याची काळजी लागली. इस्त्रीवालीनं एवढंच विचारलं, "शेवटी म्हणजे कधी, साहेब?"

"ते कुणालाच माहीत नाही, मावशी."

ती म्हणाली, "आगीत असतो म्हणणारे भेटले, नसतोच म्हणणारे भेटले, येईल म्हणणारेही भेटले. मला आता कुणाशी वाद घालायचा नाही. ते काळं तेवढं काढून द्या. कुठेही असू दे, मला एकदा त्याचा चेहरा बघायचाय."

हसऱ्या पाळकांनी जुनी चित्रं साफ करणारा कारागीर बोलावला. मला खाली उतरवून दोन टेबलांवर आडवं निजवलं. सकाळपासून ती शेजारी खुर्ची घेऊन बसली होती. कारागीर कापसाचा बोळा औषधात बुडवून हलक्या हातानं फिरवत होता. काळा रंग हट्टी होता, कितीतरी वेळ हलला नाही. बाहेर वारा सुटला. वाळत घातलेली कापडं उडतील म्हणून ती उठली. "आलेच," म्हणाली आणि अंगणात गेली.

आणि तेव्हाच काळा रंग सुटला. अस्तर नसल्यामुळे त्याच्यासोबत खालचा रंगही सुटून आला, ज्वाळा आल्या, दाढदुखी आली. आणि त्याखाली, मित्रांनो, कोळशाच्या रेघा उमटल्या. डोकं मागे टाकलेलं. दात दिसताहेत. माझा भिंगरी हसत होता. इतकी वर्षं त्या आगीखाली आणि त्या काळ्याखाली तो हसतच होता.

मला ओरडायचं होतं. इस्त्रीवाले, धाव, कापडं उडाली तर उडू देत. मला कारागिराचा हात धरायचा होता. पण लाकडाला ना तोंड ना हात. त्याला वाटलं काजळी आहे. त्यानं हाताच्या त्याच ओघात बोळा फिरवला आणि कोळसा एका फटकाऱ्यात पुसून गेला.

ती कापडं कवटाळून आत आली. कारागीर मान खाली घालून उभा होता. "माफ करा, बाई. चेहरा वाचला नाही. नुसतं लाकूड उरलंय."

तिनं कापडं खुर्चीवर ठेवली. वाकून त्या उघड्या जागेवर तळहात टेकला. आग होती तिथे. हात तसाच ठेवून ती थांबली.

"गार आहे," ती म्हणाली.

मग ती कापडांच्या घड्या घालायला बसली.

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. त्या मोकळ्या कोपऱ्यात काय रंगवायचं यावर मंडळीच्या बैठका चालू आहेत. कुणाला आग पुन्हा हवी आहे, कुणाला काळं, कुणाला वर जाणारी शिडी. कुणाचं बरोबर हे मला माहीत नाही. माझ्यावरची आग लाल रंगाची होती आणि काळं खिडकीच्या गजांचं, खरं काय ते माझ्यापर्यंत कधी आलंच नाही. मला फक्त एक हसू माहीत होतं, आणि ते मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, यातलं काही ना काही मानाल. जरूर माना. पण कुणाचा चेहरा आगीत काढण्याआधी शेवटच्या बाकावर कोण बसलंय ते एकदा वळून बघा. आणि तुमचं कुणी ऐकत असेल तर माझ्या त्या कोपऱ्याला रंग लावू देऊ नका. दर रविवारी बाहेर पडताना एक म्हातारा हात तिथे टेकतो. तो येतोय तोवर ते लाकूड उघडंच राहू द्या.