हिरवळीतल्या छत्र्या

पहिली छत्री मला दिसली ती कुंडीत चहाचा चोथा टाकताना. हिरवळीच्या मधोमध, करंगळीएवढी, मधाच्या रंगाची. हवेत नुकता गारवा आला होता आणि कुंपणावरच्या वेलीची पानं लाल होऊन गळायला लागली होती. वाकून बघितलं तर तिच्या मागं आणखी तीन, एकमेकींना खेटून, फोटो काढायला उभ्या केल्यासारख्या. मला हसूच आलं. आमच्या ह्यांच्या हिरवळीत न विचारता उगवायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती.

हे जमीन मोजणीच्या खात्यात होते. निवृत्त झाले आणि मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा घरामागच्या गवताच्या मागं लागले. दोरी ताणून कडा कापायच्या. दर पंधरा दिवसांनी फवारणी. त्यावर चपला घालून सोडाच, अनवाणीही चालायचं नाही. वाळत घातलेली चादर उडून गवतावर पडली तर मी ती काठीनं ओढून घ्यायची. वसंतात हे गेले. मी रडले, खोटं कशाला बोलू, बेचाळीस वर्षांचा संसार होता. पण त्यानंतर फवारणीच्या पंपाला मी हात लावला नाही.

ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, पंधरा वर्षं आमच्याकडेच राहतात. त्यांना छत्र्या दुसऱ्या दिवशी दिसल्या.

"वहिनी, कुत्र्याच्या छत्र्या आल्यात गवतात. दादा असता तर एक दिवस राहिल्या नसत्या."

"दादा नाहीत म्हणूनच आल्या," मी म्हटलं.

त्यांनी लांब दांड्याचा खराटा घेतला आणि कडेला उभं राहून, गवतावर पाऊल न ठेवता, सगळ्या छत्र्या उडवून लावल्या. मला आला राग. रुग्णालयांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी चाळीस वर्षं कापड बेतायचं आणि कापायचं काम केलं आहे. आधी खूण आणि मग कात्री, हा माझा हाताचा धर्म. मी चिंध्यांच्या पिशवीतून लाल चिंध्या काढल्या, काड्यांना बांधल्या आणि जिथं जिथं छत्री होती तिथं एकेक काडी रोवली. निव्वळ खोडी म्हणून. तुम्ही उडवा, मी खुणा करते, बघू कोण दमतं ते.

छत्र्या काही दमल्या नाहीत. रोज सकाळी नव्या जागी नवा घोळका. वन्सं खराटा चालवायच्या, मी काडी रोवायची. जेवताना आम्ही मिठाशिवाय दुसरं काही एकमेकींकडे मागत नव्हतो. आठवड्यानं एकतीस काड्या झाल्या.

आठव्या दिवशी मी वरच्या खोलीत पडदे काढायला गेले आणि खिडकीतून खाली बघितलं. काड्या कशाही पसरलेल्या नव्हत्या. एका जागेपासून निघून पाच वाटांनी लांब गेल्या होत्या, बोटं फाकवलेल्या पंजासारख्या. आणि पंजाचा तळवा होता तिथं माझी तुती होती.

तुतीचं रोप मी कारखान्याच्या अंगणातून आणलं होतं, कटिंगच्या टेबलावर पक्की झाले त्या वर्षी. एवढंस्सं. त्या झाडाखाली लेक चालायला शिकली. अकरा वर्षांपूर्वी मी तिच्या बाळंतपणाला गेले, महिन्यानं परत आले तर तुती नव्हती. तिथं नवीकोरी हिरवळ. हे म्हणाले, वादळात पडली, मुळासकट उपटली. वन्सं म्हणाल्या, अगं रात्रभर काय वारा होता. तिथली माती भुसभुशीत झाली आहे, खचेल, तेव्हा पुन्हा काही लावायचं नाही, हेही ह्यांनीच सांगितलं. मी ऐकलं. लेक मात्र आजही फोनवर म्हणते, "माझ्यासाठी आली नसतीस तर तू वेळेवर आधार लावला असतास, आई." झाडाचा विषय निघाला की तिचा आवाज अजून बारीक होतो.

मी खाली आले तेव्हा वन्संनी बोलावलेला गवतवाला दारात हजर होता. महिन्यातून एकदा यंत्र घेऊन गवत कापायला येतो तो. औषध मारून टाक, असा वन्संचा हुकूम होता. त्यानं एक छत्री उपटून उलटी केली, वास घेतला.

"औषधानं काय होणार, ताई? मारत राहाल तोवर दबेल. ही अळंबी मेलेल्या लाकडावर येते. खाली लाकूड आहे. ते आहे तोवर ही येणार."

"खाली काही नाही," वन्सं घाईनं म्हणाल्या. "झाड मुळासकट पडलं होतं."

"मग हे काय हवा खाऊन वाढतंय?" तो म्हणाला.

मी फावडं आणलं. पंजाच्या तळव्यावर उभी राहिले आणि पहिला घाव घातला. वन्संच्या तोंडून नुसतं "अगं" निघालं. गवताची जाजमासारखी वळकटी निघाली, खाली वीतभर माती, आणि मग फावडं दण्णकन थांबलं. पुढची माती मी हातानं काढली.

खोड होतं. वरून भुसभुशीत झालेलं, नखानं भुगा निघेल असं, पण माथा सपाट. एका पातळीत. कडेला करवत अडकली होती आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा घातली होती, तिथली पायरीसुद्धा दिसत होती. फाटलेलं कुठलं आणि कापलेलं कुठलं हे मला कुणी शिकवायला नको.

"वन्सं, इकडे या."

"दिसतंय मला इथून."

"तिथून नाही. गवतावर या."

त्या आल्या. आल्या त्याही चपला काढून. गवतवाला आपल्या यंत्राचं झाकण उघडून उगाच आत बघत बसला.

"किती वारा होता त्या रात्री?" मी विचारलं.

"वहिनी, तो गेला आता. मेलेल्या माणसाचं काय उकरून काढायचं?"

"मेलेल्या माणसाला मी काही विचारत नाही. जिवंत माणसाला विचारतेय."

त्या म्हणाल्या, "पानं पडायची गवतावर. फळांचे डाग पडायचे. त्यानं तुला किती वेळा सांगितलं, तू ऐकत नव्हतीस. मग तू गेल्यावर..." त्यांनी खोडाकडे बघितलं. "झाड घरावर पडू नये म्हणून दोर मी धरला होता."

ह्यांचा मला इतका राग आला की समोर असते तर मी काय बोलले असते कोण जाणे. आणि ते समोर नाहीत याचा त्याहून जास्त राग आला. अकरा वर्षं मी त्या गवताच्या कडेकडेनं चालले होते.

"बुजवून टाक," वन्सं हळूच म्हणाल्या. "दादाची एवढीच आठवण उरली आहे."

"माझ्यापाशी त्यांच्या पुष्कळ आठवणी आहेत, बऱ्या आणि वाईट. ही नको. सगळं गवत निघणार. तुती लागणार. आणि छत्र्यांना यापुढं कुणी खराटा लावायचा नाही."

"मग मला इथं राहायचं नाही."

"राहायचं की जायचं ते तुम्ही ठरवा. घर तुमचंही आहे, मी जा म्हणणार नाही. पण आधी लेकीला फोन करायचा."

"तू कर ना."

"मी नाही. वादळाची गोष्ट मी तिला सांगितली ती तुम्हां दोघांकडून ऐकून. खरी गोष्ट तुमच्या तोंडून जाऊ दे."

वाटलं होतं, चपला घालतील आणि आत जाऊन कडी लावतील. पण त्या पायरीवर बसल्या आणि फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून त्या नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे लेकीचं मला सगळं ऐकू येत होतं.

"आत्या? आई बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे." वन्सं म्हणाल्या. "अगं, तुतीचं सांगायचं होतं. तुझ्यामुळे काही झालं नव्हतं. वादळ नव्हतंच. दादानं करवत चालवली आणि दोर मी धरला होता."

लेकीनं विचारलं, "आई कुठंय?"

"खणतेय," वन्सं म्हणाल्या.

खणतच होते. अजून अर्ध्याहून जास्त गवत उरलं होतं.