पोटातले पाय

सामान हलवणाऱ्या कंपनीच्या मालकांनी लोगोसाठी पाठवलेलं तिसरं चित्रही नापसंत केलं, तेव्हा तिने तो छापील कागद उलटा केला आणि टेबलाखाली सरकवला. टेबलाखाली तिची पाच वर्षांची मुलगी बसलेली असायची. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी ती ठरायची ती फक्त तिथेच, आईच्या पायांशी, पाठकोऱ्या कागदांच्या ढिगात. वर आईचं काम, खाली लेकीचं. आईचा जो कागद वाया जाई तो लेकीच्या कामी येई, आणि गेल्या पंधरवड्यात लेकीची नुसती चंगळ होती.

ती ग्राफिक डिझायनर होती. बाळंतपणात ऑफिस सुटलं ते सुटलंच. आता झोपायच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडून जमेल तेवढं काम करायची. ऑफिसात असताना तिला एक सवय होती. पर्समध्ये छोटी वही ठेवायची आणि दिसेल ते टिपून घ्यायची: ओल्या छत्रीने फरशीवर काढलेला नकाशा, दोरीवरच्या चिमट्यांची रांग, दुधाच्या सायीला पडलेली सुरकुती. त्यातल्या एका सुरकुतीवर तिने एकदा साबणाचं अख्खं वेष्टण उभं केलं होतं. हल्ली त्याच वहीत लसींच्या तारखा आणि औषधांचे थेंब लिहिलेले असत. डोळे मिटले होते असं नाही, उलट जास्तच उघडे होते. पण ते सदानकदा प्लगच्या भोकांवर, टेबलाच्या कोपऱ्यांवर, खिडकीच्या कडीवर. धोका सोडून जगात दुसरं काही दिसेनासंच झालं होतं.

मालक माणूस सभ्य होता. पहिल्यांदा तिने बाण दिला, मग चाक, मग खोका. दर वेळी ते फोनवर म्हणायचे की ताई, छान आहे, पण असं तर सगळ्यांचंच असतं. त्यांचं नाव फोनवर उमटलं की ती दोन घंटा वाजू द्यायची, मगच उचलायची. हे काम हातचं गेलं तर आपल्याला आता काही सुचत नाही यावर शिक्कामोर्तब होणार, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

त्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी डब्यातली शेवटची दोन बिस्किटं गायब झाली. नवरा पेपरात तोंड खुपसून निरागसपणे बसला होता, पण मिशीवर चुरा होता. सासूबाईंनी डबा उलटा करून दाखवला आणि नातीला म्हणाल्या, "बघ तुझा बाप. गोगलगाय नि पोटात पाय." भिंगरी त्या म्हणीवर जी अडली ती अडलीच. किती पाय? पोटात कसे मावतात? बूट घालतात का? सासूबाईंनी आधी जमेल तशी उत्तरं दिली आणि शेवटी हात टेकले. घालत असतील बाई, म्हणाल्या, पोटात गार वाजत असेल.

दुपारी आईने खाली पडलेली पेन्सिल उचलायला टेबलाखाली वाकून पाहिलं, तर तिच्या नापास खोक्याच्या पाठीवर ती गोगलगाय उभी होती. पाठीवर शंखाऐवजी घर. घराला खिडकी, दार, दाराला कुलूप. दोन शिंगं, त्यांच्या टोकाला डोळे आणि डोळ्यांना पापण्याही. आणि पोटात, फुग्यासारख्या गोल पोटात, चार पाय घडी घालून ठेवलेले. तीन पायांत बूट. चौथा अनवाणी.

"याचा बूट कुठे गेला?"

"हरवला. तिची आई रागावली."

मागच्या आठवड्यात बागेत भिंगरीचा एक बूट हरवला होता आणि आई रागावली होती. ती हसली, आणि हसता हसता तिच्या अंगावर काटा आला. कितीतरी महिन्यांनी तो जुना काटा. पाठीवर घर, दाराला कुलूप, आणि पाय आत लपवलेले: दिसायला सावकाश, आतून तुरुतुरु. पंधरा दिवस ती इंटरनेटवर जगभरच्या कंपन्यांचे लोगो धुंडाळत होती आणि उत्तर तिच्या पायाशी बसून रंगखडू चघळत होतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

तिने रीतसर परवानगी मागितली. ही गोगलगाय मोठ्या गाडीवर काढली तर चालेल का? भिंगरीने विचार करायला वेळ घेतला. पायांसकट? पायांसकट. अनवाणी पायासकट? जशीच्या तशी, आई म्हणाली, आणि गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बालवर्गाला, वॉचमनला आणि वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला ही बातमी कळलेली होती.

चित्र स्कॅन करून तिने मालकांना त्या फाइलची लिंक पाठवली. खाली फक्त 'नवी कल्पना' एवढंच लिहिलं. कुणी काढलं ते लिहिलं नाही. घरी बसलेली बाई लेकराची चित्रं खपवते, असं कुणाला वाटायला नको. तासाभरात फोन आला. तिने नेहमीसारख्या दोन घंटा वाजू दिल्या.

घर पाठीवर घेतलेली गोगलगाय, हे फारच आवडलं, मालक म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण ताई, पोटात हे पाय कसले?"

एवढंच विचारलं. पुढे तिने तो आवाज मनात शंभरदा ऐकला, आणि प्रत्येक वेळी तो नुसता कुतूहलाचाच वाटला. पण त्या क्षणी तिला त्यात चौथा नकार ऐकू आला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. म्हण सांगितली असती तरी माणूस खळखळून हसला असता. पण जीभ तिच्या आधी धावली.

"पाय चुकून आलेत. मी साफ करून देते."

टेबलाखाली रंगखडूचा खर्रखर्र आवाज चालला होता, तो थांबला. तिच्या ते लक्षात आलं. लक्षात न येणारी ती बाईच नव्हती. खडू मोडला असेल, असं तिला वाटलं.

'साफ करणं' हा तिच्या धंद्यातला शब्द. हाताने काढलेलं वेडंवाकडं चित्र संगणकावर गिरवायचं, थरथर काढायची, कडा गुळगुळीत करायच्या, की झालं साफ. भिंगरी झोपल्यावर तिने ते केलं. पाय पुसले. पापण्या पुसल्या, त्या लहान आकारात छापताना नाहीतरी शाईने भरून गेल्या असत्या. कुलूप ठेवलं. फाइल त्याच नावाने जतन केली, म्हणजे आधीचं चित्र तिच्याखाली गेलं ते गेलं, मालकांच्या लिंकवरूनसुद्धा. आवराआवर करताना मूळ कागद रद्दीत गेला असावा. गोगलगाय सुबक झाली. मालक खूश झाले, काम मिळालं, नवऱ्याने पाठ थोपटली. भिंगरीला सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता राहून गेलं, आणि भिंगरीनेही गाडीचं नाव काढलं नाही. विसरली असेल, असं तिने सोयीस्कर मानून घेतलं.

तीन महिन्यांनी भिंगरीच्या वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचं बिऱ्हाड हललं. निरोप द्यायला सगळे फाटकाशी उतरले, आणि कोपऱ्यावरून जी गाडी वळली तिच्या अंगभर गोगलगाय होती. पिवळ्या रंगावर पांढरी, माणसाएवढी. तिने पोरीचा हात घट्ट धरला.

मैत्रीण गाडीजवळ जाऊन पोट न्याहाळून आली. "तू तर म्हणालीस पाय आहेत. कुठेयत?"

आता ही रडणार, असं वाटून ती खाली वाकली. रडली असती तर बरं झालं असतं. भिंगरीने गाडीकडे नीट पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "ते चुकून आले होते. माझ्या आईने साफ केले."

आईच्या हातात मैत्रिणीला द्यायची पाण्याची बाटली होती. ती तशीच राहिली.

मालक स्वतः आले होते, दोऱ्या तपासत होते. आजवर दोघांची गाठ फक्त फोनवर. तिने ओळख दिली तसे ते गडबडीने हात पुसत पुढे आले आणि कौतुक करू लागले. लोक गाडीचे फोटो काढतात म्हणाले. मग म्हणाले, "त्या पायांची मात्र चुटपुट लागून राहिली. आमची ही अजून विचारते, पायवाली कुठे गेली. मी आपलं नुसतं विचारलं होतं हो, कसले म्हणून. तुम्हीच म्हणालात चुकून आलेत. म्हटलं, तुमच्या कामातलं तुम्हाला जास्त कळणार."

पाय परत घालता येतील का, हे विचारायला तिने तोंड उघडलं, तोवर ते चारही गाड्या कशा रंगवून झाल्या ते सांगत होते. तेव्हा तिने निदान उरलेलं तरी सांगून टाकलं. ती मूळची गोगलगाय हिने काढली होती, म्हणाली, माझ्या मुलीने. मालकांनी भुवया उंचावल्या, गुडघ्यावर बसले आणि भिंगरीपुढे हात केला. भिंगरी आईच्या मागे सरकली.

"मी नाही काढली. आईने काढली."

त्या दिवसापासून भिंगरीचं प्रत्येक चित्र वर येऊ लागलं. किंवा आधीपासूनच येत असेल आणि आईने ते तेव्हा कुठे पाहिलं. टेबलाच्या कडेवरून एक कागद सरकायचा आणि खालून आवाज यायचा: साफ करून दे. घर असलं तर सरळ, झाड असलं तर सरळ, माणसांना दोन डोळे, दोन हात, बोटं मोजून पाच. चुकण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं, तरी ते साफ व्हायला यायचं. छान आहे, असंच ठेव, असं म्हटलं तर भिंगरी कागद चुरगळून टाकायची. आईला करायचा कंटाळा आलाय, असा तिचा समज.

आईने मूळ कागद शोधायला घेतला. कपाटं उपसली, गादीखाली पाहिलं, जुनी वही झटकली. त्यातून लसीकरणाचं कार्ड पडलं. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. काय शोधतेय ते तिने सांगितलं, फोनवरच्या त्या वाक्यासकट. त्यांनी ते कार्ड उचलून वहीत ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हण मी माझ्या लेकाला लावली होती गं. सुनेला लागेल असं वाटलं नव्हतं." आणि बोलल्याचं वाईट वाटून त्याही गादीचं दुसरं टोक उचलू लागल्या. कागद नव्हताच.

रविवारी दुपारी ती टेबलाखाली शिरली. मान वाकवून, गुडघे हनुवटीशी घेऊन. भिंगरीला नवल वाटलं, पण तिने जागा करून दिली. आईने खडू डाव्या हातात घेतला, म्हणजे रेघ आपोआप वाकडी येईल, आणि आठवून आठवून काढू लागली. पाठीवर घर. खिडकी, दार, कुलूप. शिंगं, पापण्या. गोल पोट, पोटात एक पाय, दुसरा, तिसरा. तिघांना बूट. चौथा पाय तिने अनवाणी काढला आणि हळूच विचारलं, याचा बूट कुठे गेला गं?

भिंगरी चित्राकडे पाहत राहिली. तिच्या कपाळावर बारीक आठी होती. मग तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला, एखाद्याला वाईट वाटू नये म्हणून ठेवतात तसा.

"आई, पाय चुकून आलेत. थांब, मी साफ करून देते."

शब्द तेच, आवाजही तोच, फोनवरचा, घाईघाईचा गोड. तिने खोडरबर घेतला, जीभ बाहेर काढली आणि एकेक पाय नीट धरून पुसू लागली. मेणाचा रंग तो, सुखासुखी निघतोय कुठला. तीन गेले, कागदाला लव आली. अनवाणी पायाची मात्र पुसट खूण राहिली.

"एवढा राहू दे," आई म्हणाली.

भिंगरीने कागद उजेडाकडे धरून पाहिला. मग फुंकर मारून चुरा उडवला आणि पुन्हा तिथेच घासायला लागली.