विटकॉमच्या उंदरांची स्मरणशक्ती

मार्लीन ऑस्टबी सव्वीस वर्षं प्रयोगाचे उंदीर सांभाळत होती, त्यातली अकरा मिनेसोटातल्या डॉ. विटकॉमच्या प्रयोगशाळेत. उंदरांबद्दल तिला आदर होता. विटकॉमबद्दल नव्हता.

विटकॉमचं नाव झालं होतं ते एका औषधावर. पेशीतला डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. काही शिकलं की त्या रिळांवर रासायनिक खुणा चढतात, गुंडाळी सैल पडते आणि आठवण टिकवणारी जनुकं कामाला लागतात. विटकॉमचं औषध त्या खुणा पुसू देत नसे. डब्यात पायाला विजेचा हलका झटका बसलेला उंदीर महिन्याने पुन्हा त्याच डब्यात सोडला, की औषधवाला जागीच थिजे. बिनऔषधाचा खुशाल हुंगत फिरे. इथवर ठीक. पण हा माणूस ते अशा थाटात सांगे, जणू मिनेसोटात आठवण नावाची वस्तू त्यानेच आणली.

येसेनिया या नव्या संशोधक मुलीने तोच प्रयोग तीनदा केला. तिन्ही वेळा दोन्हीकडचे उंदीर सारखेच वागले. सोमवारच्या बैठकीत विटकॉम डोनट चघळत म्हणाला, "मी केलं की येतं, तू केलंस की येत नाही. मग चूक औषधाची की तुझ्या हातांची?"

येसेनिया वहीतले आकडे पुन्हा तपासू लागली. मार्लीनच्या डोक्यात मात्र ‘मी केलं की येतं’ एवढंच घोळत राहिलं.

तिने जुन्या नोंदी काढल्या. औषधवाल्या उंदरांची चाचणी दर वेळी विटकॉमने स्वतः घेतली होती. बिनऔषधाच्यांसाठी साहेबांना वेळ कुठला? ते मार्लीनच्या गळ्यात. परक्या पुरुषाच्या वासाने उंदीर बिचकतात, हे पिंजरे धुणाऱ्यालाही ठाऊक असतं. आणि हा तर आफ्टरशेव्हने अंघोळ करून यायचा.

गुरुवारी तिने आठ उंदीर आणले. "डॉक्टर, येसेनियाला एकदा तुम्हीच करून दाखवा."

विटकॉम बाह्या सरसावून आला. एकेक उंदीर डब्यात थिजत गेला.

"बघ," तो येसेनियाला म्हणाला, "याला म्हणतात आठवण."

"कशाची?" मार्लीनने विचारलं.

"झटक्याची, दुसरी कशाची?"

"यांना झटका दिलाच नाही. औषधही नाही. हा डबा त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. ते तुम्हाला घाबरलेत."

विटकॉमने डब्याकडे बोट केलं. "कोणीतरी नीट पुसला नसेल, आधीच्या उंदराचा वास राहिला असेल."

"मीच पुसलाय. आता दहा मिनिटं बाहेर थांबा."

तो बाहेर गेला. तसेच आणखी आठ उंदीर येसेनियाने सोडले. सगळे आरामात फिरले. बाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यावर विटकॉमने ते पाहिलं, आणि पुढच्या आठवड्यात शिकागोला जाऊन जुनेच आलेख दाखवून व्याख्यान दिलं. मार्लीनला आश्चर्य वाटलं नाही.

विटकॉमचा लेख छापणाऱ्या नियतकालिकाला येसेनियाने सगळं लिहून कळवलं, खाली मार्लीनचीही सही. जूनमध्ये लेख मागे घेतला गेला. ‘माझ्या दक्षतेमुळे त्रुटी उघडकीस आली,’ असा मेल विटकॉमने सर्वांना धाडला. मार्लीनने तो मेल जेवता जेवता वाचला आणि पुसून टाकला.

मग दोघींनी प्रयोग नव्याने केला. कोणत्या उंदराला औषध, हे चाचणी घेणाऱ्या येसेनियाला माहीत नव्हतं. औषधाचा परिणाम दिसला, पण जेमतेम.

"एवढ्याशाला कोण विचारतं?" विटकॉम कुरकुरला.

"खरं एवढंच आहे," येसेनिया म्हणाली.

मार्लीनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पुढचे सोळा पिंजरे कुठे ठेवलेत, ते ती येसेनियाला सांगू लागली.