दोन इंचांचं खोटं

मित्रांनो, उंची मोजायची एक जुनी सागवानी पट्टी तुमच्याशी बोलते आहे. माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटणार नाही की मी कधी कुणाचं वाईट केलं असेल. पण केलं आहे. मनात ठेवून ठेवून थकले, म्हणून सांगते.

सोलापुरातल्या एका कापडगिरणीने दवाखाना काढला, तेव्हा रुद्रप्पा सुताराने मला घडवलं. सहा फूट लांबी, अंगावर फुटांचे तांबडे आणि इंचांचे काळे आकडे, आणि माणसाच्या डोक्यावर टेकवायला वरखाली सरकणारी छोटी फळी. रुद्रप्पाने मला तीन वेळा मोजून पाहिलं आणि मगच भिंतीला ठोकलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "बिनचूक काम आहे." त्या वेळी मला केवढा अभिमान वाटला होता!

माझं काम साधं होतं. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना गिरणीत घ्यायचं नाही, असा कायदा होता. पण कामगारांच्या वस्तीत जन्माचा दाखला कुणापाशी असणार? म्हणून डॉक्टरसाहेब मुलांचे दात बघायचे आणि मला विचारायचे. चार फूट तीन इंच भरलं की बारा वर्षं पुरी, असा त्या खोलीतला रिवाज पडला होता.

मी उभी होते त्या कोपऱ्यात मोरीचं पाणी झिरपायचं. दोन वर्षं मी ओलीत उभी होते. कुणी मला पुसलं नाही, जागची हलवलं नाही. माझा पाय कुजला. कंपाउंडर सिद्धारामने एका मिस्त्रीला बोलावलं. त्याने खालचं दोन इंच लाकूड करवतीने कापून टाकलं आणि मला खाली सरकवून पुन्हा ठोकलं. वरचे आकडे मात्र तेच राहिले. त्या दिवसापासून माझ्यापुढे उभं राहणारं प्रत्येक मूल मी दोन इंच जास्त उंच दाखवू लागले. मला ते कळत होतं. पण लाकडाला तोंड कुठे असतं?

एकोणीसशे सत्तावीस साली म्हाळसाबाई आपल्या मुलीला, सारजाला, घेऊन आली. ही माणसं मूळची मंद्रूपची. सारजाचा बाप गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता, तो तापाने गेला. म्हाळसाबाईच्या कडेवर वर्षाची बजा होती आणि घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं.

"बारा सरल्यात सायेब तिला," म्हाळसाबाई म्हणाली.

सारजा दहाची होती. नगरपालिकेच्या शाळेत ती तिसरीत शिकत होती. सिद्धारामने तिच्या डोक्यावर फळी टेकवली आणि आकडा वाचला, "चार फूट चार."

सारजाने बाजूला होऊन मान वर केली आणि माझ्यावरचे आकडे स्वतः वाचले. मग म्हणाली, "सायेब, ह्ये चुकलंय. आठ दिसांमागं शाळंत बाईंनी मोजलं, तवा चार फूट दोन भरले की मी."

म्हाळसाबाईने तिच्या दंडाला चिमटा काढला. सिद्धाराम हसला. "आठ दिवसांत वाढलीस मग."

"दोन इंच वाढतंय व्हय कुणी?"

डॉक्टरसाहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर सही केली. दुसऱ्या दिवसापासून सारजा कांडीखात्यात सूत गुंडाळू लागली. शाळा सुटली.

त्याच महिन्यात डॉक्टरसाहेबांची मुलगी दाक्षायणी दवाखान्यात आली. तीही दहाचीच. तिला पुण्याच्या शाळेत वसतिगृहात ठेवायचं होतं आणि तिथून कपड्यांसाठी मापं मागवली होती. सिद्धारामने तिला माझ्यापुढे उभं केलं. मी तिच्याही बाबतीत खोटं बोलले.

पंधरा दिवसांनी ती नवा परकर नेसून वडिलांना दाखवायला आली. परकर जमिनीवर लोळत होता. डॉक्टरसाहेबांनी शिंप्याची फीत मागवली. आधी मुलीला मोजलं, मग मला. खाली वाकून त्यांनी माझा कापलेला पाय बोटाने चाचपला.

"सिद्धाराम, त्या दिवशी ती पोरगी बोलली ते खरं होतं," ते हळू म्हणाले.

"आता तर ती कामाला लागली, साहेब. तिला काढलं तर तिची आईच दारात येऊन बसेल. आणि कांडीखात्याला हात कमी पडतात."

डॉक्टरसाहेबांनी फीत गुंडाळून ठेवली. नवी पट्टी मागवू, असं म्हणाले, आणि ते तिथेच राहिलं. दाक्षायणीच्या परकराला दोन इंचांची दुमड घालून झाली. खोटा आकडा दोघींनाही मिळाला होता. एकीचं काम दुमडीवर भागलं.

आठ वर्षं गेली. सुट्टीत दाक्षायणी यायची, वडिलांची जाड पुस्तकं चाळायची. तिला डॉक्टर व्हायचं होतं. सारजा गिरणीची पाळी सुटल्यावर खिडकीवरून जाताना दिसायची. केसांत कापसाचे तंतू, आणि सतत खोकला.

एक दिवस म्हाळसाबाई धाकट्या बजाला मोजायला घेऊन आली. तिच्या पाठोपाठ सारजा धावत आत आली. तिच्या हातात शिंप्याची फीत होती. कुणाला काही न विचारता ती माझ्यापाशी बसली आणि जमिनीपासून माझ्या तीन फुटांच्या खुणेपर्यंत तिने फीत धरली.

"चौतीस इंच," ती म्हणाली. "तीन फुटाला छत्तीस पायजेत. सायेब, तुमीच वाचा."

डॉक्टरसाहेबांनी फीत हातात घेतली नाही. ते म्हणाले, "मला माहीत आहे."

"कवापासनं?"

"तू कामाला लागलीस, त्याच महिन्यापासून."

सारजाने आवाज चढवला नाही. "मग मला माघारी का नाय बोलावलंसा?"

म्हाळसाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "त्यांना कशाला बोलतीस? वय मीच चोरलं तुजं. पोटाला काय घालू सांग."

"ठावं हाय मला," सारजा म्हणाली. "तुज्यावर राग न्हाय. पर बजा शाळंत जाईल. मी हाय की अजून."

तिने बजाचा हात धरला आणि तिला घेऊन गेली. त्याच संध्याकाळी डॉक्टरसाहेबांनी स्वतःच्या हाताने मला भिंतीवरून उपटलं. नोकरी सोडताना ते मला घरी घेऊन आले. आता मी त्यांच्या खोलीत दारामागे उभी असते. घरातली लहान मुलं "आमची उंची मोजा" म्हणून हट्ट करतात. ते मोजत नाहीत.

मित्रांनो, माझा पाय कुजू दिला तो माणसांनी, हे खरं. पण तेवढं म्हणून माझं मन हलकं होत नाही. वस्तू वेळेवर पुसा, दुरुस्त करा, तपासा. आपल्या हातातल्या मोडक्या वस्तूची किंमत भलताच कुणीतरी भरत असतो. आणि चूक कळली, तर त्याच दिवशी बोला.

सारजाने येऊन जाब तरी विचारला. त्या आठ वर्षांत माझ्यापुढे आणखी कितीतरी मुली उभ्या राहिल्या. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. त्या मान ताठ करून, श्वास रोखून उभ्या राहायच्या, आणि पास झाल्यावर मला हात लावून हसायच्या.